व्हिएन्नात एकच दिवस आहे? मग दिवस संध्याकाळपासून उलटा आखा

आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये व्हिएन्नाच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो, प्राग आणि बुडापेस्टच्या मध्ये अंग चोरून बसलेला, आणि त्या एका दिवसात लोक शोनब्रून पॅलेस, होफबुर्ग, बेल्वेडेअर, कॅथेड्रल, दोन म्युझियम, शॉपिंग असं सगळं कोंबतात, संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असतात आणि सात वाजता हॉटेलच्या खोलीत केटलवर नूडल्स करून मंडळी झोपतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या गावाची खरी मजा सात वाजताच सुरू होते. इथे सीझनमध्ये जवळजवळ दर संध्याकाळी जगातल्या उत्तम ऑर्केस्ट्रांपैकी एक ऑपेरा हाऊसमध्ये वाजवत असतो आणि आत जायला दोनशे युरो लागत नाहीत, पंधरा-वीस युरोच्या आत काम होतं, फक्त उभं राहायची तयारी पाहिजे. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवसाचा प्लॅन रात्रीच्या कार्यक्रमापासून मागे मागे करत यावा, दिवसा थोडं कमी बघावं आणि पायात जोर शिल्लक ठेवावा.

सगळ्यात आधी तारीख बघा

श्टाट्सऑपर, म्हणजे सरकारी ऑपेरा हाऊस, याचा सीझन सप्टेंबरच्या सुरुवातीपासून जूनच्या शेवटापर्यंत असतो. जुलै-ऑगस्ट बंद. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर उत्तम, सीझन जोरात असतो. जवळजवळ रोज वेगळा कार्यक्रम असतो, आज मोझार्ट, उद्या वेर्डी, परवा बॅले, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी वेबसाईटवर तुमच्या तारखेला काय आहे ते बघा आणि जमलं तर व्हिएन्नाचा मुक्काम एक दिवस पुढे-मागे करा. पहिलाच ऑपेरा असेल तर मोझार्टचा 'जादूची बासरी' (तो १७९१ साली याच शहरात पहिल्यांदा झाला), रोसिनीचा 'बार्बर ऑफ सेव्हिल' किंवा पुच्चिनीचा 'ला बोएम', 'टोस्का' यातलं काही मिळालं तर डोळे झाकून जा. वाग्नर असेल तर जरा थांबा, त्याचे काही ऑपेरे मध्यंतरं धरून पाच तासांच्या घरात जातात आणि पहिल्याच खेपेला तेवढा वेळ उभं राहणं म्हणजे शिक्षा होईल.

तारखेबरोबर वारही बघा. रविवारी दुकानं आणि सुपरमार्केट जवळपास सगळी बंद असतात, स्टेशनमधली थोडी उघडी मिळतात, म्हणून रविवारचं पाणी, फळं, दूध शनिवारीच घेऊन ठेवा. काही म्युझियम सोमवारी बंद असतात, सीझनप्रमाणे बदलतं, त्यामुळे सोमवार असेल तर प्रत्येक ठिकाणाचं आधी चेक करा.

फिरायचं कसं

एअरपोर्टवरून शहरात यायला दोन-तीन प्रकारच्या ट्रेन आहेत. हिरव्या रंगाची कॅट नावाची खास ट्रेन सोळा मिनिटांत वीन मिट्टे स्टेशनला नेते पण महाग आहे, साधी एस ७ लोकल त्याच स्टेशनला साधारण पंचवीस मिनिटांत नेते आणि तिकीट कितीतरी स्वस्त. नऊ मिनिटांसाठी चौघांच्या कुटुंबाने एवढे पैसे देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. फक्त एक लक्षात घ्या, एअरपोर्ट शहराच्या झोनच्या बाहेर आहे, म्हणून नुसता शहराचा पास तिथून चालत नाही, वर जादा तिकीट लागतं.

शहरात २४ तासांचा पास काढा, तो मेट्रो, ट्राम, बस सगळ्यावर चालतो. स्टेशनवर गेट वगैरे काही नसतं, सरळ चालत प्लॅटफॉर्मवर जाता येतं, आणि इथेच आपली माणसं फसतात. कागदी तिकीट घेतलं असेल तर आत शिरताना जे छोटं निळं मशीन असतं त्यात ते घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा, शिक्का नसलेलं तिकीट खिशात असून नसल्यासारखं, आणि साध्या कपड्यातले चेकर आले तर दंड शंभर युरोच्या वर जातो. मोबाईलवर काढलं तर ही भानगड नाही.

आणखी एक, पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ साली त्यासाठी खास पाईपलाईन टाकली आणि ती आजही चालू आहे. घरून रिकामी बाटली न्या, रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत तिथे भरा, गार आणि गोड पाणी असतं.

सकाळी दहाच्या आधी एक काम

उभ्या तिकिटांना इथे श्टेहप्लाट्झ म्हणतात, हा शब्द पाठ करून ठेवा. ही तिकिटं कार्यक्रमाच्या दिवशीच मिळतात. काही सकाळी दहा वाजता ऑनलाईन खुली होतात आणि बाकीची संध्याकाळी खिडकीवर, कार्यक्रमाच्या साधारण ऐंशी मिनिटं आधी. पद्धतीत अधूनमधून बदल होतात म्हणून आदल्या रात्री वेबसाईटवर तेवढं एक पान वाचून झोपा. दहाला पाच कमी असताना जिथे असाल तिथे नेट चालू करून, अकाउंट आधीच उघडून, कार्ड हाताशी ठेवून बसा. मिळालं तर दिवसभराची चिंता मिटली, नाही मिळालं तर संध्याकाळी रांग, त्याचं पुढे सांगते.

कॅथेड्रलपासून सुरुवात

सकाळी साडेआठच्या सुमारास मेट्रोने श्टेफान्सप्लाट्झ स्टेशनला उतरा, यू १ आणि यू ३ दोन्ही लाईन तिथे येतात. वर आलात की समोरच सेंट स्टीफन कॅथेड्रल. मोठे टूर ग्रुप यायच्या आत आत शिरा. मागच्या भागात फुकट जाता येतं, मुख्य भागात पुढपर्यंत जायला तिकीट आहे. याच चर्चमध्ये मोझार्टचं १७८२ साली लग्न झालं आणि १७९१ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या अंत्यविधीची प्रार्थनाही इथेच झाली, मध्ये फक्त नऊ वर्षं.

दक्षिणेकडचा उंच टॉवर १३६ मीटरचा आहे आणि वर जायला ३४३ पायऱ्या, अरुंद, गोल गोल फिरणाऱ्या. तरुण असाल आणि रात्री ऑपेरा नसेल तर जरूर चढा. रात्री उभं राहायचं असेल तर तो मोह सोडा आणि उत्तरेच्या बुटक्या टॉवरला लिफ्ट आहे तिने जा, मला तर तिथूनच जास्त चांगलं दिसतं असं वाटतं, कारण छताची रंगीत कौलं अगदी जवळ येतात, हिरवी-पिवळी-काळी नागमोडी नक्षी. शिवाय तिथे पुम्मेरिन नावाची घंटा आहे, वीस टनांच्या वर वजनाची. हिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तो मोडला, तुर्क ज्या तोफा टाकून पळाले त्या वितळवून १७११ साली मूळ घंटा ओतली. १९४५ च्या एप्रिलमध्ये कॅथेड्रलला आग लागली, छत जळालं आणि घंटा खाली कोसळून फुटली. त्याच धातूचा वापर करून १९५१ साली नवी ओतली, आणि आज नवीन वर्षाच्या मध्यरात्री सगळा ऑस्ट्रिया हिचे टोल ऐकतो.

चौकात मोझार्टच्या काळचे विग आणि लाल कोट घातलेले लोक हातात फोल्डर घेऊन तुमच्याकडे येतील, "कॉन्सर्ट? टुनाईट?" ते ऑपेरा हाऊसची माणसं नाहीत. ते ज्याची तिकिटं विकतात ते टुरिस्टांसाठीचे छोटे कॉन्सर्ट असतात, ओळखीच्या धून वाजवतात, वाईट नसतात, पण उभ्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे जातात. हसून नको म्हणा आणि पुढे चला.

ग्राबेन, कॉफी आणि मग राजवाडा

कॅथेड्रलपासून ग्राबेन हा रुंद, गाड्यांना बंदी असलेला रस्ता सुरू होतो. रोमन छावणी इथे होती तेव्हा हा खंदक होता, आज सगळी महागडी दुकानं. मधोमध जो ढगांचा मनोरा दिसतो तो १६७९ च्या प्लेगची आठवण, साथ थांबली तर स्तंभ उभारीन असा नवस बादशहा लिओपोल्डने केला होता. खाली नीट बघितलंत तर तो गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो आणि त्याचा पुढे आलेला खालचा ओठ कारागिराने लपवलेला नाही.

आता कॉफी. कॅफे सेंट्रल १८७६ पासूनचं आहे, रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की तिथे बुद्धिबळ खेळत बसायचा, आतल्या कमानी देखण्या आहेत, पण बाहेर कायम रांग आणि एका दिवसात पाऊण तास कॉफीच्या रांगेत घालवू नये असं माझं ठाम मत आहे. ग्राबेनला लागूनच डोरोथेअरगासे गल्लीत कॅफे हावेल्का आहे, १९३९ चं, अंधारं, जुन्या पोस्टरांनी भरलेलं, तिथे जा. मेलांजे मागवा, म्हणजे दूध आणि वर फेस असलेली कॉफी, आपल्या चवीला सगळ्यात जवळची. ती कशी येते ते बघा: छोटा चकचकीत ट्रे, त्यावर कप, शेजारी पाण्याचा ग्लास आणि त्या ग्लासावर आडवा पालथा ठेवलेला चमचा. एका कपावर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, म्हणून "त्साल्न बिट्टे" म्हणायचं. टीप साधारण दहा टक्के, आणि ती टेबलावर ठेवायची पद्धत नाही, बिल नऊ युरो झालं तर पैसे देताना "दहा" असं सांगायचं की झालं. थोडी कॅश जवळ ठेवाच, काही जुन्या जागा कार्ड घेत नाहीत. दुकानात शिरताना "ग्रुस गॉट", म्हणजे नमस्कार, म्हटलंत की समोरचा माणूस लगेच सैलावतो.

कॉफी झाली की कोलमार्क्टवरून सरळ होफबुर्गच्या दाराशी पोचता, चालत पाच मिनिटं. हाब्सबुर्ग घराण्याचा हा मुख्य राजवाडा, १९१८ पर्यंत राज्य इथून चाललं. हा एक वाडा नाही, शतकानुशतकं जोडत गेलेल्या इमारतींचं एक गावच आहे, आणि आत इतकी वेगवेगळी तिकिटं आहेत की नवा माणूस गोंधळतो. एका दिवसात यातलं एकच निवडा.

पहिला पर्याय सिसी म्युझियम आणि शाही खोल्या. सिसी म्हणजे राणी एलिझाबेथ, फ्रान्झ योसेफ बादशहाची बायको, सोळाव्या वर्षी १८५४ साली लग्न होऊन आली, दरबारात कधी रमली नाही, आणि १८९८ मध्ये जिनेव्हात एका माणसाने कानशीने भोसकून तिचा खून केला. तिच्या खोलीत व्यायामाची साधनं आहेत, दाराच्या चौकटीला टांगलेल्या कड्या, भिंतीला लावलेली शिडी, त्या काळच्या राणीच्या खोलीत! आणि शेजारी नवऱ्याच्या झोपायच्या खोलीत साधा लोखंडी पलंग. अडुसष्ट वर्षं राज्य केलेला माणूस त्यावर झोपायचा. या दोन वस्तू बघितल्या की त्या संसाराबद्दल बरंच कळतं.

दुसरा पर्याय नॅशनल लायब्ररीचा प्रुंकझाल, योसेफ्सप्लाट्झ चौकातून आत जायचं. अठराव्या शतकातला दालनवजा हॉल, जवळजवळ ऐंशी मीटर लांब, दोन लाख जुनी पुस्तकं, मधल्या घुमटावर रंगवलेलं आभाळ. तिकीट सिसीपेक्षा स्वस्त, गर्दी कमी, पाऊण तासात होतं. मला विचाराल तर मी हाच सांगेन, विशेषतः पुस्तकवेड्या माणसाला. तिथली शांतता आणि लाकडाचा, कातडी बांधणीचा वास फोटोत येत नाही.

आणि शोनब्रून? शोनब्रून सुंदर आहे, प्रश्नच नाही, राणी मारिया थेरेसाचा उन्हाळी राजवाडा, सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२ मध्ये तिथे तिच्यासमोर वाजवलं होतं, मागची बाग प्रचंड. पण तो शहराच्या मध्यापासून लांब आहे, वेळेचं तिकीट, बाग, टेकडी धरून अर्धा दिवस जातो. दोन दिवस असतील तर नक्की जा. एकच असेल तर सोडा, खेद करू नका.

दुपारचं जेवण, आणि शाकाहारी लोकांसाठी जरा सविस्तर

हा भाग नीट वाचा. मेन्यूवर 'वीनर श्निट्झेल' असं लिहिलं असेल तर ते वासराचं मांस असतं, ऑस्ट्रियात या नावाने दुसरं काही विकता येत नाही. डुकराचं असेल तर तसं वेगळं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी चिकनचंही मिळतं, ऑर्डर करताना विचारा. सूपमध्ये पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं फ्रिटाटेनझुप्पे दिसायला शाकाहारी वाटतं पण त्याचं पाणी गोमांसाचं असतं. क्न्योडेल नावाच्या गोळ्यांमध्ये कधी कधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. म्हणून "ओहने फ्लाइश", मांसाशिवाय, हे दोन शब्द सगळीकडे वापरा, आणि सूपच्या पाण्याचं वेगळं विचारा.

मग खायचं काय? केझेश्पेट्झले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या छोट्या शेवयांसारखा प्रकार, वर तळलेला कांदा, पोट भरतं (श्पेट्झलेत अंडं असतं, वर्ज्य असेल तर टाळा). अंडं चालत असेल तर डोरोथेअरगासेतच त्रेझनिएव्स्की आहे, १९०२ पासूनचं, काळ्या ब्रेडच्या छोट्या तुकड्यांवर अंड्याचे निरनिराळे लेप लावलेले, काउंटरवर बोट दाखवायचं, चार-पाच घ्यायचे, उभ्या उभ्या खायचे, वीस मिनिटांत मोकळं. पक्क्या शाकाहारी मंडळींनी नाशमार्क्टला जावं, कार्ल्सप्लाट्झ स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवरचा खुला बाजार, फलाफल, हमस, ऑलिव्ह, फळं, सगळं मिळतं, फक्त रविवारी बंद. दुकानदार चव घ्यायला हातात काहीबाही देत राहतात, घेतलं म्हणजे विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण भाव विचारल्याशिवाय डबा भरू देऊ नका.

गोडासाठी सगळे झाखरटोर्टे सांगतात, चॉकलेट केकमध्ये जर्दाळूचा थर, १८३२ साली फ्रान्झ झाखर नावाच्या शिकाऊ पोराने केला असं सांगतात, पुढे 'अस्सल' कोणाचा यावरून हॉटेल झाखर आणि डेमेल हे केकचं दुकान यांची कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालली. मला तो कोरडा वाटतो, बरोबरचं फेटलेलं क्रीम घेतल्याशिवाय उतरत नाही. त्यापेक्षा गरम सफरचंदाचा आप्फेलश्ट्रुडेल घ्या.

दुपार: एक म्युझियम, एक ट्राम

जेवणानंतर रिंगश्ट्रासे हा गोल रस्ता. मध्ययुगापासून शहराभोवती तट होता, तुर्कांच्या दोन्ही वेढ्यांत त्यानेच शहर वाचवलं, पण १८५७ मध्ये फ्रान्झ योसेफने तो पाडायचा हुकूम दिला आणि त्या मोकळ्या जागेवर रुंद रस्ता करून दोन्ही बाजूंना पार्लमेंट, टाऊन हॉल, युनिव्हर्सिटी, थिएटर, म्युझियमं, ऑपेरा असं सगळं बांधून काढलं. १८६५ मध्ये रस्ता खुला झाला. म्हणजे ज्या 'जुन्या' इमारती बघून आपण आ वासतो त्यातल्या बऱ्याच मुंबईच्या सीएसटीच्याच काळातल्या आहेत.

या रस्त्यावर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम आहे, १८९१ मध्ये उघडलेलं. हे पूर्ण बघायला दोन दिवस पुरणार नाहीत, म्हणून हट्टाने दोनच गोष्टी बघा. पहिली, आत शिरल्यावरचा जिना आणि वरचा घुमट. दुसरी, पहिल्या मजल्यावरची ब्रॉयगेलची खोली. या फ्लेमिश चित्रकाराची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठे एकत्र नाहीत, 'बाबेलचा मनोरा' १५६३ चा, 'बर्फातले शिकारी' १५६५ चा. समोर बाक आहे, त्यावर बसा आणि शिकाऱ्यांच्या चित्रात लांबवर गोठलेल्या तळ्यावर खेळणारी बारीक बारीक माणसं बघत राहा, कोण घसरून पडलंय, कोण कोणाला ओढतंय. पंधरा मिनिटं कशी जातात कळत नाही. मग बाहेर पडा, बाकीचं राहिलं तर राहिलं. चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन'च बघायचं असा ज्यांचा हट्ट आहे त्यांनी हे म्युझियम सोडून डी नंबरच्या ट्रामने बेल्वेडेअर राजवाडा गाठावा, दोन्ही एका दुपारी करू नका.

बाहेर आलात की बुर्गरिंगवरून १ नंबरची किंवा डी ट्राम पकडा, शोटनटोरच्या दिशेने, खिडकीची जागा. पार्लमेंट, टाऊन हॉल, बुर्गथिएटर, युनिव्हर्सिटी सगळं बसल्या बसल्या समोरून जातं, पास तुमच्याकडे आहेच. टुरिस्ट बसला वेगळे पैसे द्यायची काही गरज नाही. शोटनटोरला उतरा आणि साडेतीन-चारला सरळ हॉटेलवर जा.

हो, हॉटेलवर. तासभर आडवे व्हा, पाय गरम पाण्यात ठेवा, कपडे बदला. पुढच्या तीन तासांचं सगळं यावर अवलंबून आहे.

संध्याकाळ

कपडे: उभ्या तिकिटाला सूट लागत नाही, पण शॉर्ट्स आणि चपला घालून जाऊ नका. स्वच्छ पँट-शर्ट पुरे. बायकांनी साडी नेसली तर फारच छान, लोक कौतुकाने बघतात. बूट मात्र सवयीचे, मऊ, आजच्यासाठी नवीन काढलेले अजिबात नकोत. मोठी बॅग आणि जाड कोट आत नेता येत नाही, क्लोकरूमला द्यावा लागतो. एक ओढणी किंवा स्कार्फ जरूर जवळ ठेवा, का ते सांगते.

हलकं खाऊन, कार्यक्रम सातला असेल तर साडेपाचच्या आधी ऑपेराच्या इमारतीशी पोचा, मेट्रो स्टेशन कार्ल्सप्लाट्झ. उभ्या तिकिटांची खिडकी ऑपेर्नगासेच्या बाजूला आहे, मुख्य दाराने नाही. नावाजलेला गायक असेल तर अजून तासभर लवकर. तीन जागा मिळतात: पार्टेर म्हणजे खाली, बाल्कोन आणि गॅलरी म्हणजे वर. पार्टेर मागा. ती खुर्च्यांच्या लगेच मागे, बरोब्बर मध्यावर, शाही बॉक्सच्या खाली आहे, शेकडो युरोच्या खुर्चीत बसलेला माणूस तुमच्या पुढे दोन पावलांवर. आवाज तिथे सुंदर येतो. पाठ दुखत असेल तर वर गॅलरीची कडेची जागा बरी, रेलायला काहीतरी मिळतं.

तिकीट मिळालं की आत जाऊन रांगेने उभं राहायचं, दार उघडलं की गार्ड थोड्या थोड्या लोकांना सोडतात. पायऱ्यांसारख्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे कठडा. आपल्याला हवी ती जागा घ्यायची आणि कठड्याला ओढणी गाठ मारून बांधायची. बस, जागा तुमची झाली. आता कोट ठेवा, बाथरूमला जा, पाणी प्या, फिरून या, कोणी त्या गाठीला हात लावत नाही. इथले रोजचे उभे प्रेक्षक, त्यातले कित्येक म्हातारे, हा नियम फार जपतात, आणि तुम्ही गोंधळलेले दिसलात तर तेच तुम्हाला जागा दाखवतात. कठड्यावर छोटा स्क्रीन असतो, बटण दाबून इंग्रजी निवडलं की गाण्याचे शब्द समोर येतात. गोष्ट मात्र दुपारी हॉटेलवर पडल्या पडल्या वाचून ठेवा.

घंटा झाल्या की दारं बंद, उशिरा आलेल्याला मध्यंतरापर्यंत बाहेरच्या टीव्हीवर बघावं लागतं. फोन पूर्ण बंद. टाळ्या कधी वाजवायच्या कळत नसेल तर बाकीच्यांची वाट बघा.

आणि घाबरू नका. आपण संगीत नाटकाच्या घरातले लोक आहोत. पद सुरू झालं की गोष्ट तिथेच थांबते आणि नट त्या एका भावावर दहा मिनिटं गात राहतो, वन्स मोअर येतो, हे आपल्या आजी-आजोबांना कोणी शिकवलं नव्हतं, ऑपेरातली आरिया, म्हणजे एकट्याने म्हटलेलं पद, ऐकताना तोच कान उपयोगी पडतो. फरक एवढाच की सतराशेच्या वर खुर्च्या आहेत, खाली भरगच्च ऑर्केस्ट्रा, आणि गाणाऱ्याच्या तोंडाशी माईक नाही. एकट्या माणसाचा गळा ते सगळं कापून तुमच्यापर्यंत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. हा ऑर्केस्ट्राही साधा नाही, नवीन वर्षाच्या कॉन्सर्टमुळे सगळ्या जगाला माहीत असलेला व्हिएन्ना फिलहार्मोनिक याच वादकांमधून उभा राहतो.

मध्यंतरात जागेवर बसू नका, इमारत बघा. १८६९ मध्ये मोझार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'ने ही उघडली. बांधणारे दोघे आर्किटेक्ट, झिकार्ड्सबुर्ग आणि व्हान डेर न्यूल. इमारत जमिनीत धसल्यासारखी दिसते म्हणून गावाने इतकी नावं ठेवली की व्हान डेर न्यूलने १८६८ मध्ये जीव दिला आणि त्याच्या जोडीदाराने काही आठवड्यांतच प्राण सोडला, दोघांनीही उद्घाटन बघितलं नाही. पुढे १२ मार्च १९४५ ला बॉम्ब पडून रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून गेलं, पुढचा दर्शनी भाग, मोठा जिना आणि श्विंड फॉयर हे दालन तेवढं वाचलं. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५५ ला, बेथोव्हेनच्या 'फिदेलियो'ने पुन्हा पडदा उघडला. तेव्हा जिन्यावर उभं राहून वर बघा, तुम्ही बघताय तो भाग अस्सल जुना आहे.

पाय फारच भरून आले तर मध्यंतरात निघून जाण्यात काही गैर नाही, बरेच जण जातात. पण पहिल्या अंकानंतर लगेच ठरवू नका, थोडं पाणी पिऊन जिन्यावर बसून या.

तिकीट नाहीच मिळालं तर

हिरमुसू नका. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये ऑपेराच्या शेजारच्या चौकात मोठा स्क्रीन लावून आतला कार्यक्रम लाईव्ह दाखवतात, खुर्च्या मांडलेल्या असतात, पूर्ण फुकट, फक्त शाल न्या, वारा बोचतो. म्युझिकफेराईन हा १८७० चा सोनेरी हॉल तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, तिथेही उभी तिकिटं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर टाऊन हॉलपुढच्या मैदानात संध्याकाळी ऑपेरा आणि कॉन्सर्टच्या फिल्म दाखवतात, तेही फुकट, आजूबाजूला खाण्याचे स्टॉल. लहान मुलं बरोबर असतील तर सरळ प्राटरला जा, यू १ किंवा यू २ ने प्राटरश्टेर्न. आत जायला पैसे नाहीत, ज्या पाळण्यात बसाल त्याचे द्यायचे, आणि तिथला मोठा चक्री पाळणा १८९७ चा आहे, जवळजवळ पासष्ट मीटर उंच, लाकडी डबे, हळूहळू वर जातो आणि सगळं शहर दिव्यांसकट दिसतं.

परत येताना

ऑपेरा साधारण दहाच्या सुमारास सुटतो. मागेच अल्बर्टिना म्युझियमच्या पायथ्याशी सॉसेजचा स्टॉल आहे, तिथे रात्री मखमली गाऊन घातलेल्या बायका आणि टॅक्सीवाले शेजारी शेजारी उभे राहून खातात. बहुतेक सगळं डुकराचं किंवा गोमांसाचं असतं हे लक्षात ठेवा. शाकाहारी असाल तर परत हावेल्काला जा, रात्री आठनंतर तिथे भट्टीतून गरम बुख्टेल्न येतात, आत प्लमचा जाम भरलेले मऊ गोड पाव, वर पिठीसाखर. लवकर संपतात, म्हणून गेल्या गेल्या आधी त्यांचीच ऑर्डर द्या, कॉफीचं नंतर बघा.

मेट्रो शुक्रवार, शनिवार आणि सणाच्या आदल्या रात्री रात्रभर चालू असते. बाकीच्या दिवशी साधारण साडेबारापर्यंत, त्यानंतर रात्रीच्या बस, त्यांच्या नंबरपुढे एन लिहिलेलं असतं आणि तुमचा २४ तासांचा पास त्यांच्यावरही चालतो. मध्यवर्ती भाग रात्री सुरक्षित वाटतो, तरी पासपोर्ट आणि मुख्य पाकीट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून जा, मेट्रोच्या गर्दीत पाकीटमार आहेतच.